मल्लय्याच्या निळीवरचा आळ

पंखा मी लावला होता.

मल्लय्याने नीळ नीट गाळली होती. बादली स्वच्छ होती आणि पुरचुंडीचं कापडही धड होतं. हॉटेलच्या पांढऱ्या कोटांवर निळे ठिपके उमटले ते माझ्या पंख्यामुळे. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. उलट मला विचारलं गेलं तेव्हा केमिस्ट्रीचा पदवीधर या नात्याने मी खोटी साक्ष दिली. संपादकांनी "तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा" म्हणून पानं दिली आहेत, आणि गमती भरपूर आहेत. पण त्यांतली सगळ्यांत मोठी गंमत ज्याच्या जिवावर झाली, त्याचं नाव आधी लिहिल्याशिवाय माझा पेन पुढे सरकला नसता.

नारायणगुड्यात माझ्या मामांचं प्रयोगशाळेच्या सामानाचं दुकान होतं. परीक्षानळ्या, बीकर, आम्लं, बेडूक ठेवायच्या बरण्या, आणि रंग. रंग म्हणजे भिंतीचे नव्हेत, जंतुनाशक रंग. मेथिलीन ब्लूचा थेंब टाकला की कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली उठून दिसतात. ॲक्रिफ्लेविनने जुन्या काळी दवाखान्यांत जखमा धूत. दोन्ही पुडी मोठ्या डब्यांतून मुंबईहून येत, काचीगुडा स्टेशनवर उतरत, आणि वरच्या खोलीत बसून मी त्या लहान बाटल्यांत भरत असे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, निळा रंग म्हणजे निळी पूड. तसं नसतं. मेथिलीन ब्लू कोरडी असताना काळपट हिरवी दिसते, भुंग्याच्या पाठीसारखी चकाकते. ॲक्रिफ्लेविन विटकरी, पण पाण्यात पडलं की पिवळंधमक पोपटी. या पुडींचा स्वभाव लबाड. कोरड्या असेतो कण दिसत नाही. तुमच्या भुवईवर, कॉलरवर, पायपुसण्यावर तो चोरासारखा दबा धरून बसतो, आणि ओल लागली की उठून उभा राहतो. म्हणून मामांचा नियम होता: पंखा बंद, खिडकी बंद, तोंड बंद. हाताला आणि चेहऱ्याला खोबरेल तेल चोपडायचं आणि मग डबा उघडायचा. काम संपलं की आधी कोरड्या कापसाने पुसायचं, मग स्पिरिटने. पाण्याला हात सगळ्यांत शेवटी.

तरी रंग लागायचाच. मुलगी बघायला गेलो तेव्हा बशीतून चहा पिताना माझ्या कपाळाचा घाम बशीच्या कडेवर टपकला आणि निळा ओघळ खाली गेला. मुलीच्या आजोबांनी बराच वेळ बशीकडे बघितलं आणि विचारलं, "आपलं मूळ गाव कुठलं म्हणालात?" मुलीने मात्र पदर तोंडाला लावला होता. तिचं नाव सुनीता. लग्नानंतर तिने सांगितलं की तिला हसू आलं होतं, आणि इतर स्थळांकडे बघून तिला एकदाही हसू आलं नव्हतं.

मग बाजार मोकळा झाला. त्याचे परिणाम अर्थशास्त्रात काय लिहिलेत ते मला माहीत नाही. आमच्या दुकानात तो माशांच्या रूपाने आला. जो तो कंपनी काढू लागला, आणि कंपनी म्हटली की रिसेप्शन, आणि रिसेप्शन म्हटलं की माशांची टाकी. कुणी सांगितलं होतं देव जाणे, पण सोनेरी मासे फिरले की लक्ष्मी फिरते अशी साऱ्या शहराची खात्री झाली. मासा आजारी पडला, अंगावर कापसासारखी बुरशी चढली, की मेथिलीन ब्लू. पूर्वी जी बाटली एखाद्या कॉलेजला दोन वर्षं पुरायची, ती आता मत्स्यालयवाले हातोहात नेऊ लागले. मी बाटलीवर हसणाऱ्या माशाचं लेबल लावलं. मामा म्हणाले, "आजारी मासा हसतो कामून रे?"

ठेवी गोळा करणाऱ्या एका कंपनीचे मॅनेजर स्वतः औषध न्यायला आले होते. मी सांगितलं, "चिमूटभर. आधी पेल्यात विरघळवा." ते मोठ्या मनाचे गृहस्थ. त्यांनी चमचाभर टाकली. दुसऱ्या दिवशी ठेवीदार आत शिरले तर समोर दौतीतल्या शाईसारखी निळी टाकी आणि आत काहीच दिसत नाही. एका पेन्शनर काकांनी विचारलं, "मासे कुठं गेले?" रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "आत आहेत, दिसत नाहीत." काका म्हणाले, "माझ्या ठेवीचंही असंच असेल तर मला आजच काढायचीय." त्यांच्यामागे रांग लागली. थोड्याच दिवसांत कंपनी खरोखरच नाहीशी झाली. मासे तेवढे राहिले, ठणठणीत. त्या मुलीने आम्हाला फोन करून विचारलं होतं की यांना आता खायला कोण घालणार.

अशा दिवसांत माणसाच्या डोक्यात वारं शिरतं. माझ्या शिरलं. मला वाटलं, मामांचा बंद खोलीचा नियम जुन्या जमान्याचा आहे. भर उन्हाळ्यात तेल चोपडून, खिडक्या लावून बसायचं म्हणजे भट्टीत बसल्यासारखं. मामा एका लग्नासाठी नांदेडला गेले आणि मी बेगम बाजारातून एक्झॉस्ट पंखा आणून वरच्या खोलीच्या मागच्या खिडकीत बसवला. पंखा धूळ आत ठेवत नव्हता, बाहेर फेकत होता. खोली स्वच्छ राहिली, माझे हात स्वच्छ राहिले. बाहेर म्हणजे कुठे, हा प्रश्न मला पडला नाही.

बाहेर म्हणजे मागचं अंगण. तिथे बालमणी आणि मल्लय्या या नवराबायकोची लाँड्री होती, आणि त्यांच्या दोऱ्या माझ्या खिडकीच्या बरोबर खाली होत्या.

बालमणीचं तोंड साऱ्या गल्लीला पुरायचं. मल्लय्या फारसा बोलत नसे. त्याची बोलायची जागा म्हणजे निळीची बादली. निळीची पुरचुंडी तो पाण्यात अशी फिरवायचा की बघत राहावं. कुठल्या घराला किती नीळ हे त्याच्या डोक्यात होतं. समोरच्या निवृत्त मास्तरीणबाईंच्या पातळाला नुसती छटा, कोर्टात जाणाऱ्या पेशकारांच्या धोतराला एक बुडी जास्त. कपडा पिळून तो आभाळासमोर धरायचा आणि स्वतःशीच मान हलवायचा. बालमणी त्याला दिवसभर टोमणे मारायची, पण गिऱ्हाईक आलं की म्हणायची, "हमारे बुढ्ढे की नीळ देखो, फिर बोलो." तो तेव्हा चाळिशीचाही नव्हता.

आमचं सगळं बोलणं दखनीत, म्हणजे इथल्या बोली हिंदीतच चालायचं. बरंचसं इथे मराठीत देतो.

जवळच एक मोठं हॉटेल उघडत होतं. वेटरांना पांढरे कोट, टेबलांना पांढरी कापडं. मॅनेजरने उद्घाटनाचे कोट बालमणीला नमुन्यादाखल दिले होते. नीट झाले तर कायमचं काम. तिला त्या कामाची किती आस होती ते सांगायला नको. गठ्ठा डोक्यावर घेऊन जिने चढणं तिला बंद करायचं होतं. कोट धुतले मल्लय्याने, नीळ दिली मल्लय्याने. दुपारच्या उन्हात ते दोरीवर खडखडीत वाळले. वर माझा पंखा फिरत होता.

संध्याकाळी इस्त्रीला बसले. बालमणीने वाटीत बोटं बुडवून कोटावर पाणी शिंपडलं, मल्लय्याने इस्त्री फिरवली, आणि इस्त्रीमागून निळे ठिपके उमलत आले. पहिल्यांदा छातीवर, मग बाहीवर. मल्लय्याने इस्त्री उचलली आणि तशीच हवेत धरून ठेवली.

"छाने थे क्या नई?" बालमणीने विचारलं.

"छाना. दो बार छाना."

"एक बार आँखाँ खोल के छानते तो दो बार नई लगता."

मग तिने मान वर करून मला हाक मारली. "केमिकल बाबू, जरा आके बोलो, ये क्या है."

मी आधी पंखा बंद केला आणि मग खाली उतरलो. हा क्रम मुद्दाम लिहितो आहे. म्हणजे खाली उतरायच्या आधीच मला सगळं कळलं होतं.

मी कोट उजेडाकडे धरला. खिशातून भिंग काढलं. भिंगाची काही गरज नव्हती, नुसतं वजन पडावं म्हणून काढलं. नीळ फिकट, आभाळी असते; हा रंग गडद होता, माझ्या ओळखीचा, माझ्याच बाटलीतला. आणि मी म्हणालो, "नीळ गाळताना गुठळी राहिली असेल. राहते कधीकधी."

मल्लय्या वाद घालेल असं मला वाटलं होतं. त्याने घातला नाही. डॉक्टरने आजाराचं नाव सांगितल्यावर माणूस ऐकतो तसं त्याने ऐकून घेतलं. "हौ क्या?" एवढंच म्हणाला. बायकोला म्हणाला, "बाबू पढ़े-लिखे हैं."

त्याने शिवी दिली असती तर मी कदाचित खरं बोललो असतो.

मला पश्चात्ताप झाला, आणि पश्चात्तापाच्या भरात मी दुसरा मूर्खपणा केला. "डाग मी काढून देतो," म्हणालो. कापड रंगवणारे ज्याला हायड्रो म्हणतात ती पूड दुकानात होती. तिचं पाणी लावलं की मेथिलीन ब्लूचा रंग डोळ्यांदेखत जातो. कापसाचा बोळा घेऊन मी एकेक ठिपका टिपत गेलो. ठिपका निळ्याचा फिका झाला, फिक्याचा पांढरा. बालमणी आ वासून बघत होती. तिने मला चहा दिला आणि नवऱ्याला म्हणाली, "देखो, इसकू पढ़ाई बोलते." तो चहा मी प्यायलो. साखर जास्त होती.

आता जे सांगतो ते मला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून पाठ होतं आणि तरी त्या संध्याकाळी आठवलं नाही. हायड्रोने हा रंग मरत नाही, झोपतो. कपडा पाण्यात खळखळून धुतला तर झोपलेला रंग वाहून जातो. नुसता टिपून वाळवला तर तो आतच राहतो आणि हवा लागली की जागा होतो. घाईत मी कोट धुतले नव्हते.

उद्घाटनाच्या जेवणात सूप आलं तेव्हा कोट पांढरे होते. बिल आलं तेव्हा ठिपकेदार. मधल्या पदार्थांना ते हळूहळू फुलत गेले. एका पाहुण्याने म्हणे कौतुकाने विचारलं की कोट प्रत्येक पदार्थाला बदलतो का. सकाळी मॅनेजर स्वतः गठ्ठा घेऊन आला, पायरीवर टाकला, आणि म्हणाला की डाग पडला तर समजू शकतो, डाग लपवून कपडे देणं ही फसवणूक आहे. त्याचं बरोबर होतं. फक्त हे वाक्य त्याने चुकीच्या माणसाला ऐकवलं, आणि तो माणूस मान खाली घालून उभा राहिला. मी वर खिडकीशी होतो.

काम यंत्राच्या लाँड्रीला गेलं. बालमणीने फर्मान काढलं की यापुढे निळीला मल्लय्याने हात लावायचा नाही. ती स्वतः पुरचुंडी बांधू लागली. तिच्या निळीत कधी पट्टे यायचे, कधी कपडा राखाडी दिसायचा. लोक कुरकुरले, मग सवयीचे झाले. मल्लय्या फक्त इस्त्री करू लागला. बादलीजवळून जाताना तो दुसरीकडे बघायचा.

मामा नांदेडहून परतले. पंखा बघितला. बोट थुंकीने ओलं करून खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर फिरवलं आणि ते निळं बोट माझ्या नाकासमोर धरलं.

"खाली सांगितलंस का?"

"नाही."

"मग मी सांगू?"

"नको मामा. मीच सांगतो."

"हौ. कधी?"

"उद्या."

पंखा त्यांनी त्याच दिवशी काढून माळ्यावर टाकला. पुढे वर्षानुवर्षं, भर गिऱ्हाइकांत, काहीतरी मोजता मोजता ते विचारायचे, "उद्या उजाडला का रे?" गिऱ्हाइकांना वाटायचं म्हाताऱ्याला भ्रम होतो. मामा गेले तोवर माझा उद्या उजाडला नव्हता.

प्रायश्चित्ताचे आडमार्ग मी बरेच शोधले. बालमणीला जास्त काम मिळावं म्हणून मी पांढरे कपडे घालू लागलो. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरा रुमाल. रंगांच्या धंद्यात पांढरे कपडे घालणारा मी शहरातला एकमेव माणूस असेन. सुनीता चादरीही पांढऱ्या का, म्हणून भांडली. गल्लीत बोलवा झाली की मी नगरसेवकपदाला उभा राहतोय. दोघंजण नळाची तक्रार घेऊन आले. एकाचं काम मी करूनही दिलं. दिवाळीला मल्लय्याला मिठाई आणि नवा शर्ट द्यायचो. तो संकोचून घ्यायचा आणि म्हणायचा, "बाबू का दिल बड़ा है." ते ऐकून परत येताना मला पायऱ्या दिसायच्या नाहीत.

गंमत अशी की धंद्यात मी अतिशय सचोटीचा म्हणून ओळखला जात होतो. लेबलावर जे लिहिलंय तेच आत. हॉस्टेलची पोरं मित्राच्या चहात टाकायला मेथिलीन ब्लू मागायची, कारण त्याने लघवी हिरवी-निळी होते आणि मित्र घाबरून घरी तार करतो. मी एकालाही दिलं नाही. उभं करून उपदेश करायचो की दुसऱ्याची फजिती करून हसणं वाईट. मामा आतून खोकायचे.

काळ बदलला. नीळ बाटलीतून तयार मिळू लागली, घरोघर यंत्रं आली, लाँड्रीत नुसती इस्त्री उरली. बालमणीच्या मुलाचं लग्न झालं. एका सकाळी मी कपडे द्यायला गेलो तर ती नव्या सुनेला घरचा इतिहास ऐकवत होती. कुठलं घर कंजूष, कुणाच्या खिशात पैसे सापडतात, आणि मग हॉटेलची गोष्ट. तिने ती रंगवून सांगितली. सूप, बिल, ठिपके, सगळं. शेवटी इस्त्री करणाऱ्या मल्लय्याकडे बोट करून म्हणाली, "इनकी नीळ." सून हसली. आणि मल्लय्याही हसला. मान हलवून, समजूतदारपणे, जुनी चूक मान्य करणाऱ्या माणसासारखा.

ते हसणं मला सहन झालं नाही.

मी म्हणालो, "नीळ त्यांची नव्हती." आणि मग सगळं सांगितलं. पंखा, खिडकी, दोऱ्या, हायड्रो. घाबरलो की मी शिकवू लागतो. हवेतल्या ऑक्सिजनने रंग परत कसा येतो, इथपर्यंत गेलो. बालमणी कपड्यांची घडी हातात धरून ऐकत होती.

मल्लय्याने इस्त्री बाजूला ठेवली. "मतलब मैं छाना था?"

"हौ."

"दो बार?"

"दो बार."

तो हळू आवाजात म्हणाला, "मेरेकू याद था. छाना, छाना करके याद था. फिर सोचा, बाबू बोल रै तो मेरी याद ही खराब होगी." मग त्याने इस्त्री पुन्हा उचलली, कारण समोर कुणाची तरी पँट अर्धी झाली होती.

बालमणीने माझं मनगट धरलं. "चलो."

"कहाँ?"

"जिसकू जिसकू मैं बोली, उसकू तुम बोलो."

तिने मला गल्लीतून नेलं, चोर पकडल्यासारखं. आधी इराणी चहाच्या हॉटेलात, मग शिंप्याकडे, मग पेशकारांच्या मुलाकडे, कारण पेशकार आता नव्हते. प्रत्येक दारात मी सुरुवात करायचो की पुडीचा गुणधर्म असा आहे, आणि ती म्हणायची, "गुणधरम नक्को. पंखा कब लगाए वो बोलो." शिंपी म्हणाला, "अरे बाबू, तुम तो इलेक्शन में खड़े होने वाले थे ना?" मास्तरीणबाई नव्वदीच्या घरात होत्या. त्यांना दोनदा ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे वरच्या मजल्यालाही कळलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्या पातळावरचे ठिपकेही तुझेच? मी मल्लय्याला काय काय बोलले होते रे." आणि काठी घेऊन, चपला शोधून, त्याही आमच्याबरोबर निघाल्या. शिंपी दुकान उघडं टाकून आला. परत लाँड्रीशी पोचलो तेव्हा आमची छोटीशी मिरवणूक झाली होती. पुढे बालमणी, मधे पांढऱ्या कपड्यांत मी.

मल्लय्या पँटची घडी घालत होता. एवढी माणसं बघून बिचारा घाबरला; त्याला वाटलं, पुन्हा काहीतरी झालं.

"इनकू तो सब बोल दिया मैं," मल्लय्याकडे बोट करून मी बालमणीला म्हणालो.

"बोल दिये. माफी कहाँ मांगे?" ती म्हणाली. "और हिंदी में नक्को. हिंदी में तुम भाव करते."

त्यांची घरची भाषा तेलुगू, आणि माझं तेलुगू दुकानापुरतं. बाटली, किंमत, उद्या या. त्यातून शब्द शोधायला वेळ लागला. गल्ली उभी होती. मास्तरीणबाई काठीवर टेकल्या होत्या. मल्लय्याने काय करावं ते न सुचून ओलं फडकं हातात घेतलं होतं, आणि तो पहिल्यांदाच, मान वर करून, सरळ माझ्याकडे बघत होता.

"तप्पु नादे, मल्लन्ना," मी म्हणालो. चूक माझीच, मल्लय्यादादा. आणि पुढचं मोडक्या तेलुगूत, जसं जमलं तसं, अडखळत: तुमची नीळ चांगली होती. मला माहीत होतं. मी खोटं बोललो, आणि तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. मला माफ करा.